फाइलीच्या माथ्यावरचं नाव

आमच्या घरात जेवणाचं टेबल एकच आहे आणि दिवसा ते वाटून घेतलेलं असतं. खिडकीकडची अर्धी बाजू माझी. मी शिवणकाम करते. पडदे, अभ्रे, शाळांचे गणवेश. तिथे मी कापड पसरते, खडूने आखते, कापते. भिंतीकडची अर्धी बाजू माझ्या धाकट्या जावेची. तिथे तिचा लॅपटॉप, एक वही आणि पाण्याची बाटली. माझी कात्री पलीकडे गेली की ती न बोलता परत सरकवते. तिची वायर माझ्या कापडावर आली की मी बोलून परत सरकवते.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. चाळिशी जवळ आली तरी तिला त्या नावातून बढती काही मिळालेली नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला बोलतं करायचं काम तुझं." ते काम अजून चालू आहे. पण नीटनेटकेपणा विचाराल तर असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शेजारणीचा डबा घरात आला की ती त्याला चिकटपट्टी लावून वर शेजारणीचं नाव लिहिते. ग्रंथालयाच्या पुस्तकात कुणी पेन्सिलीने खुणा केल्या असतील तर त्याही खोडत नाही. म्हणते, "त्याच्या आहेत. आपण कोण?" भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीची कामं करतात. ते एकदा म्हणाले, "माझ्या पाठीवर पण एक चिठ्ठी चिकटव. हरवलो तर कुणीतरी आणून देईल." ती म्हणाली, "पत्ता कुणाचा लिहू तेवढं सांगा." ती बोलते ते एवढंच. थोडं, पण नेम धरून.

तिचं ऑफिस पंधरा माणसांचं. दवाखान्यांत पेशंटला वेळ नेमून देणारा आणि पुढच्या तपासणीची तारीख काढून देणारा प्रोग्रॅम ते लोक करतात. आठवड्यातले दोन दिवस ती ऑफिसात असते, उरलेले दिवस टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला. सहा वर्षं झाली, तयार माल बांधून गिऱ्हाइकाला पाठवण्याचं काम तिच्याच हातात आहे. तिचा साहेब वाईट माणूस नाही, पण त्याचं प्रत्येक वाक्य 'पटकन'ने सुरू होतं. म्हणून घरी आम्ही त्याला घाईसाहेब म्हणतो.

यंदा त्यांच्याकडे एक मोठं गिऱ्हाईक आलं. बऱ्याच दवाखान्यांची मिळून एक संस्था. त्यांनी प्रोग्रॅम पाहिला, पसंत केला आणि मग एक फॉर्म पाठवला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांनी लिहिलेला कोड कुठला, तो कुणी लिहिला, कोणत्या अटींवर वापरायला दिला, आणि त्या अटी तुम्ही पाळता का. खाली यादी करणाऱ्याची सही: वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे.

घाईसाहेब म्हणाला, "पटकन करून टाका मॅडम. तुम्ही नीटनेटक्या."

मी मराठी शाळेत शिकलेली, दहावीनंतर थेट मशीनवर बसलेली. मला वाटायचं, प्रोग्रॅम म्हणजे सगळा यांनीच लिहिलेला असणार. तसं म्हटल्यावर ती हसली.

"वहिनी, गणवेशाची बटणं तुम्ही करता?"

"मी कशाला करू? तयार आणते."

"आमचंही तसंच. जगभरची माणसं कोड लिहून उघड्यावर ठेवतात. कुणीही घ्या म्हणतात. फाइलीच्या माथ्यावर त्यांचं नाव असतं, अटी असतात. तेवढं पुसायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण तेवढंच होत नाही लोकांच्यानं."

हे सोमवारचं बोलणं. मंगळवारी ती दिवसभर गप्प होती. ती तशी गप्पच असते, पण त्या दिवशी ताटातलं अर्धं जेवण तसंच राहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मशीन थांबवून विचारलं.

"नावं नाहीत," ती म्हणाली. "एकाही फाइलीवर नाहीत. सगळीकडे आमच्या कंपनीचं नाव आणि खाली 'सर्व हक्क राखीव'."

"कुणी पुसली?"

तिने लॅपटॉप अर्धा मिटला. "मी."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी घाईसाहेबाच्या मनात आलं की आपली प्रत्येक फाइल आपली दिसली पाहिजे. फाइली चारशेच्या वर. हाताने कोण करणार? तिने एका दुपारी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाइलीच्या माथ्यावर जे लिहिलं असेल ते काढ आणि तिथे कंपनीचा शिक्का लाव. नाव ठेवलं 'झाडू'. झाडूला आपली फाइल कुठली, दुसऱ्याची कुठली, हे कळायचं कारण नव्हतं. आणि ते कळायला हवं हे त्या दिवशी पंधरा माणसांत कुणालाच सुचलं नाही, हिलाही नाही. साहेबाने सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढे त्याच महिन्यात सगळा कोड नव्या जागी हलवला, आणि जुन्या प्रतींचं ओझं नको म्हणून त्या मागेच सोडल्या. ती जुनी जागा आता बंद पडली आहे. म्हणजे आधी काय होतं ते बघायची सोयही उरली नव्हती.

"डब्यांना चिकटपट्ट्या लावणारी तू," माझ्या तोंडून गेलं. गेलं आणि मी जीभ चावली.

"तेच तर," ती म्हणाली.

मग तिने शोध सुरू केला. झाडू फक्त माथा झाडत होता, फाइलीच्या पोटातलं तसंच होतं. लिहिणारी माणसं मधेमधे स्वतःसाठी काहीबाही लिहून ठेवतात. अशी एखादी चमत्कारिक ओळ ती उचलायची आणि उघड्या कोडच्या त्या अफाट ढिगाऱ्यात शोधायची. सापडली की मूळ फाइल, मूळ नाव, मूळ अटी. एकाची खूण होती, 'हे का चालतं ते मला माहीत नाही, हात लावू नका.' एकाने लिहिलं होतं, 'बाळ उठलं, बाकीचं उद्या.'

"मग लिहिलं का दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"खालच्या ओळीवर अकरा महिन्यांनंतरची तारीख आहे."

ऑफिसातल्या लोकांना विचारून बघ म्हटलं, तर तेही करून झालं होतं. ज्याने जी फाइल आणली त्यालाच आठवायला हवं. एक म्हणाला, "कुठूनतरी घेतली असेल." दुसऱ्याने मेसेज बघून सोडून दिला. तिसरा छाती पुढे काढून म्हणाला, "ती मीच लिहिलीय." त्या फाइलीच्या पोटातल्या सगळ्या टिपा अशा एका लिपीत होत्या की तिचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. धाकटीने त्याला एवढंच विचारलं, "ही भाषा कधी शिकलात?" त्याने विषय बदलला आणि ही वहीत पुढचा आकडा लिहायला लागली. मला मात्र इतका संताप आला की शिवण दोन वेळा उसवावी लागली.

अटी तरी किती तऱ्हेच्या. कुणाला फक्त नाव राहिलेलं हवं. कुणाला अटींचा अख्खा कागद सोबत हवा. कुणी म्हणे, माझ्या फाइलीत फेरफार केलात तर तोही असाच सगळ्यांना खुला ठेवा. सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "फुकट द्यायचं आणि वर अटी घालायच्या, हे कसलं देणं?"

"आई, तुम्ही पुस्तक वाचायला देता तेव्हा पान दुमडू नका म्हणता ना?"

"म्हणते. आणि तरी दुमडतात मेले."

"ते मेले आम्ही," धाकटी म्हणाली.

तीन आठवडे गेले. एकसष्ट फाइली दुसऱ्यांच्या निघाल्या. साठांचे धनी सापडले, एकीचा सापडला नाही. पेशंटचं नाव लांब असेल तर ते चिठ्ठीवर मावेल असं आखूड करणारी ती फाइल. घाईसाहेबाशी फोन झाला तेव्हा तिचे हात टायपिंगमध्ये होते म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. मला सगळं ऐकू आलं.

"पटकन संपवू हे, मॅडम. वर आपलं नाव आहेच की. राहू दे."

"ते आपलं नाही, सर."

"दुसऱ्या कुणाचं आहे हे तरी कुठे माहीत आहे?"

"म्हणूनच नको. ती फाइल काढून टाकू. लांब नावं दोन ओळींत छापू."

"वाईट दिसेल."

"दिसू दे. सही माझी आहे."

 तो म्हणाला, "करा काय करायचं ते," आणि ती फाइल गेली. साठ उरल्या.

त्या साठांतली एक तारखा मोजणारी होती. चार आठवड्यांनी पुढची तपासणी, मध्ये सुट्टी आली तर दुसरा दिवस, अशा हिशोबाची. ती एका निवृत्त गृहस्थाने लिहिलेली. त्याची अट अगदी साधी, नाव ठेवा. धाकटीने त्याला पत्र लिहिलं. दोन वर्षं तुमचं नाव आमच्याकडून पुसलं गेलं होतं, आता परत लावतो आहोत, माफ करा.

"साहेबांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाले असते. मग नको म्हटलेलं असून पाठवल्यासारखं झालं असतं."

 त्या गृहस्थाचं उत्तर दोन ओळींत आलं. 'असं लिहिणारे तुम्ही चौथे. नाव लावून झालं की फाइल पाठवा, मग बोलू.' मला ते उर्मट वाटलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो."

साठही फाइलींवर तिने एकेक नाव हाताने परत बसवलं. झाडूसारखं दुसरं काही लिहून ते पटकन झालं असतं, पण ती म्हणाली, आता नको. यादी पूर्ण केली, फॉर्म भरला, सही केली. शुक्रवारी दुपारी माल बांधून संस्थेकडे गेला. त्या संध्याकाळी ती आपणहून टेबलाची वाटणी ओलांडून माझ्या बाजूला आली आणि पडद्याच्या कापडाचं दुसरं टोक धरून उभी राहिली. मला वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी तिने बांधून पाठवलेल्या मालातून ती तारखांची फाइल काढली आणि त्या गृहस्थाला पाठवली. उघडून पाहिली नाही. तीन आठवडे जिच्यात डोकं घातलं ती काय उघडायची? तासाभरात उत्तर आलं. 'यात माझं नाव कुठे आहे? वर तर तुमच्या कंपनीचं आहे.'

तिने फाइल उघडली. शिक्का. सर्व हक्क राखीव. दुसरी उघडली, तिसरी उघडली. साठच्या साठ.

झाडूच तो. दोन वर्षांपूर्वी तिने तो सगळ्या फाइलींवर एकदा फिरवला होताच. शिवाय, यापुढे कुणाला लक्षात ठेवायला नको म्हणून, माल बांधताना तो दर वेळी आपोआप फिरेल अशी सोय करून ठेवली होती. ती सोय ती विसरली. ऑफिसाचा कोड साठवतात तिथे नावं शाबूत होती. बांधून गेलेल्या मालातली सगळी शुक्रवारी दुपारी तिच्याच झाडूने झाडून नेली होती. मी ओरडले नाही, पण हातातला खडू मोडला. इतक्या दिवसांची मेहनत, आणि ये रे माझ्या मागल्या.

तिने घाईसाहेबाला फोन लावला. ह्या वेळी हात रिकामे होते, तरी मोठ्या आवाजातच ठेवला. मला वाटतं, एकटीने ऐकायचं नव्हतं तिला.

"पण यादी खरी आहे ना, मॅडम? यादीत नावं आहेत. फाइली कोण उघडून बघतंय?"

"पहिल्याच माणसाने उघडली, सर."

"त्याला तुम्हीच पाठवलीत."

ते खरंच होतं. 

"फॉर्ममध्ये विचारलंय, मूळ नावं फाइलींत तशीच ठेवली आहेत का. मी 'हो' लिहून सही केलीय. ते खोटं झालं."

"पुढच्या वेळच्या मालात दुरुस्त करू. आत्ता करार तोंडावर आलाय, अडकेल."

"अडकू दे असं मी म्हणत नाही. मी त्यांना कळवते, एवढंच म्हणते."

"मॅडम, तो झाडू तुमचाच होता, हे लक्षात आहे ना?"

"तेही कळवते."

फोन बंद झाला. तिकडून की इकडून, मला कळलं नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं. मागितलं काहीच नाही, कारण मागायचं काय तेच ठरेना. नोकरी राहो म्हणावं तर सही खोटी राहते. सही खरी होवो म्हणावं तर नोकरीचं काय? नाव घेतलं, तेवढंच.

"नोकरी गेली तर?" मी शेवटी विचारलं.

"तर टेबल पूर्ण तुमचं."

आधी तिने झाडू काढून टाकला. दाखवला मला, दहाबारा ओळी होत्या, बस्स. एवढ्याशा गोष्टीने नाकी नऊ आणले होते. मग माल नव्याने बांधला आणि ह्या वेळी साठच्या साठ फाइली उघडून वहीत खुणा केल्या. त्या गृहस्थाला त्याची फाइल पाठवली. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. 'दिसलं.' पुढे बोलणार होता, ते काही बोलला नाही.

मग संस्थेला फोन. पलीकडच्या बाई फॉर्म बघणाऱ्या. धाकटीने पाठ केल्यासारखं सांगितलं. सही केली तेव्हा खरं वाटत होतं, पण गेलेल्या मालात नावं पुसली गेली आहेत, पुसणारं साधन मीच लिहिलेलं आहे, आता दुरुस्त माल पाठवते. माझे कान टवकारलेले. आता बोलणी बसतील, नाहीतर शाबासकी तरी मिळेल.

"बरं," बाई म्हणाल्या. "पण जुना फॉर्म जुन्या मालाला जोडलाय. नव्या मालाला नवा फॉर्म लागेल."

"मजकूर तोच आहे. तोच वापरता येणार नाही का?"

"तो बंद झाला. साइटवर जाऊन नव्याने भरायचा. कॉपी करून चिकटवता येत नाही हां, टाइप करावा लागतो."

"मी आधीची माहिती चुकीची होती हे सांगायला फोन केला होता."

"हो हो, कळलं. साइट चारपर्यंत चालू असते. आज नाही आला तर पुढच्या महिन्यात बघतील."

फोन ठेवला तेव्हा एक वाजून गेला होता. तेवढ्यात घाईसाहेबाचा मेसेज आला. तिने वाचला आणि फोन माझ्याकडे सरकवला. 'पटकन कळवतोय. इथून पुढे माल बांधायचं काम दुसऱ्यांकडे देतोय. तुम्ही दमला आहात.'

"दमला आहात म्हणे," ती म्हणाली. सहा वर्षांचं काम एका ओळीत गेलं, आणि ज्याने प्रत्येक फाइल आपली दिसावी म्हणून हट्ट धरला तो तिकडे ताजातवाना. मी म्हटलं, "उत्तर दे त्याला चांगलं." ती म्हणाली, "चारनंतर."

मी माझं कापड गुंडाळून खुर्चीवर ठेवलं आणि तिची वही घेतली. मी वाचायचं, तिने टाइप करायचं. लिहिणाऱ्याचं नाव, फाइलीचं नाव, अट कुठली, पाळली का. तिने प्रत्येक नावाखाली उच्चार आपल्या अक्षरांत लिहून ठेवला होता, तरी माझी जीभ अडखळत होती. एक नाव तर संपेचना. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "हे एवढे लोक मिळून एक तारीख काढतात होय?"  वीस झाली, तीस झाली. बेचाळीस झाली. त्रेचाळिसाव्या नावाशी मी थांबले, चष्मा नव्हता, अक्षर लागेना. वही उजेडात धरली, परत जवळ आणली, मग सासूबाईंना पाणी हवं होतं म्हणून उठले.

परत आले तर ती नुसती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसली होती.

"काय झालं?"

"पान गेलं."

"कुठे गेलं?"

"वेळ संपली म्हणतंय. थोडा वेळ हात हलला नाही की फेकून देतं. जपून काहीच ठेवत नाही."

"सगळं?"

"सगळं."

घड्याळात तीनला दहा कमी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नाही, निव्वळ वैतागाचं. सांगायला गेलं माणूस खरं, तर त्याला हे. तिने फॉर्म पुन्हा उघडला, तो कोराच होता. बोटं कळांवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, आता चष्मा लावा. आणि आई, चारपर्यंत काही मागू नका."

मी चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं.